भुतांची दप्तरतपासणी

मृत्यूला बावीस वर्षे उलटली तरी ज्यांचे नाव सातबाऱ्यावरून हलावयास तयार नसते, अशा खातेदारांशीच ज्याचा जन्मभर व्यवहार झाला, त्या महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकुनाला कवटीचे आणि सापळ्याचे भय ते काय वाटणार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आणि ती समजूत मी नाशिकहून फ्लोरिडापर्यंत सुखरूप नेली. परत आणताना मात्र तिला थोडे पोचे आले.

निमित्त झाले माझ्या भाचीचे. ती ऑरलँडो शहरी राहते, आणि त्या शहराचा मुख्य धंदा, मला समजले त्याप्रमाणे, लोकांना उलटे टांगून अथवा घाबरवून त्यांच्याकडून पैसे घेणे हा आहे. ऑक्टोबरच्या ३१ तारखेस येणाऱ्या हॅलोवीन सणाच्या निमित्ताने तिकडच्या उद्यानांत भुतांचे जे महोत्सव भरतात, त्यांची तुलना करणे हा तिचा छंद. कोणत्या उद्यानातला सापळा अधिक खरा, कोठला धूर अधिक दाट, कोणते भूत वेळ साधते आणि कोणते अर्ध्या क्षणाने चुकते, याचे टिपण ती ज्या बारकाईने ठेवते, तितक्या बारकाईने आमच्याकडे कोणी पीकपाहणी केली असती तर जिल्ह्याचे कोटकल्याण झाले असते. "मामा, भुतात काही नसतं, सगळं प्रॉडक्शनमध्ये असतं," असे ती फोनवर म्हणाली, आणि वर पुस्ती जोडली, "नाशिकला तसलं काहीच नाही."

नाशिकला तसले काही नाही! ज्या गावाचे नावच, लोकसमजुतीप्रमाणे, एका राक्षसिणीचे नाक कापल्यावरून पडले, त्या गावास भयरसात कोणी उणे काढावे? पंचवटीतील सीतागुंफेत उतरताना त्या अरुंद वाटेत पाठ वाकवून, प्रसंगी बसून सरकत पुढे जावे लागते. समोरच्या यात्रेकरूच्या टाचा आणि मागच्याचा श्वास एवढेच जग उरते. मागे फिरण्याची सोय नसते. आणि आपण या वयात येथे का आलो, हा प्रश्न मनुष्यास एकाही भुताच्या मदतीवाचून पडतो. तरीही, तपासणी करावयाची तर ती रीतसर व्हावी, म्हणून परदेशगमनापूर्वी स्थानिक नमुना पाहून ठेवावा असे मी ठरविले.

नवरात्रात आमच्या कालिकेच्या यात्रेस पाळणे येतात, तसे ते जिल्ह्यातील लहानमोठ्या यात्रांसही येतात. त्यांपैकी एका यात्रेत पत्र्याचा एक भूतबंगला उभा होता. दर्शनी भागावर एक कवटी, एक चेटकीण आणि, कारण समजले नाही, एक वाघ रंगविलेला. तिकीट तीस रुपये. आत काळे कापड, दोरीने ओढला जाणारा सापळा, त्याच्या डोळ्यांच्या खाचांत दोन तांबडे दिवे, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाशी भेळ खात बसलेला एक पोरगा. मी समोर येताच त्याने उजव्या हाताने घास घेतला व डाव्या हाताने दोरी ओढली. सापळा अर्धा वर आला आणि खिळ्याला अडकला. पोरगा ओशाळला. इतक्यात बाहेरचे जनित्र बंद पडले आणि खरोखरीचा काळोख झाला. त्या काळोखात माझ्या खांद्यावर जो हात पडला, त्याने माझ्या मुखातून रामरक्षेचा मधलाच एक श्लोक बाहेर काढला, हे मी कबूल करतो. हात पांढरा झगा घातलेल्या मुख्य भुताचा होता. त्याने कमरेचा मोबाइल काढून त्याचा उजेड माझ्या पायांशी धरला आणि म्हटले, "काका, जपून या. खाली वायर आहे." दारापर्यंत पोचवून त्याने मला माझी पिशवीही दिली. निर्मितिमूल्याच्या रकान्यात मी शून्य लिहिले. सौजन्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, तो त्या रात्री नव्याने आखला.

फ्लोरिडात सारेच उलटे. युनिव्हर्सलच्या उद्यानात १९९१ साली तीन रात्रींपुरता आणि एकाच भीतिगृहानिशी सुरू झालेला हा प्रकार पुढल्या वर्षी 'हॅलोवीन हॉरर नाइट्स' या नावाने स्थिरावला, आणि आता ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत दहा भीतिगृहांनिशी चालतो. म्हणजे आमचा पितृपक्ष पंधरा दिवसांत पितरांची बोळवण करतो, तर तेथील पिशाच्चे दोन महिने मुक्काम ठोकतात. दारातच साखळी काढलेली यांत्रिक करवत गुरगुरवीत काही इसम अंगावर धावून येतात. ते स्पर्श करीत नाहीत. तसा नियम आहे. आत भिंती ओल्या, हवेत सडल्याचा सोडलेला वास, आणि प्रत्येक वळणावर, तुमची नजर मुद्दाम मांडलेल्या एखाद्या प्रेताकडे वळली की नेमक्या विरुद्ध बाजूच्या फटीतून उडी. ही नजर वळविण्याची युक्ती हीच त्या सगळ्या शास्त्राची किल्ली, असे भाचीने मला रांगेत समजावून सांगितले. समजावण्यास वेळ भरपूर होता, कारण चार मिनिटांच्या भयासाठी आम्ही पाऊण तासावर उभे होतो. आणि जादा पैसे भरणाऱ्यांची निराळी रांग आमच्या शेजारून झपाझप सरकत होती, ज्यामुळे मला कचेरीची आठवण येऊन गहिवरून आले.

अशाच एका फटीतून चेहऱ्याची साल निघालेला एक गृहस्थ एकाएकी माझ्या नाकासमोर प्रकट झाला आणि किंचाळला. चौतीस वर्षांची खिडकीवरची सवय, माझ्या तोंडून निघून गेले, "कोण पाहिजे?" हा प्रश्न मराठीत होता म्हणून, किंवा तो त्याला यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता म्हणून, गृहस्थ क्षणभर तसाच उभा राहिला आणि मुकाट्याने फटीत परतला. भाचीने त्या भुताचे गुण कापले. मला ते अन्यायाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने मला डिस्नेच्या उद्यानातील 'हॉन्टेड मॅन्शन' दाखविले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यानाबरोबरच उघडलेल्या त्या वाड्यात एक भोजनगृह आहे, आणि त्यात आरपार दिसणारी भुते जोडीजोडीने नाचतात. त्यामागची करामत जुनी: १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर या प्राध्यापकाने प्रचारात आणलेली. रंगमंचापुढे प्रचंड काच उभी करावयाची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी प्रखर प्रकाशात भूत ठेवावयाचे, आणि त्याचे प्रतिबिंब काचेपलीकडील सामानसुमानात हिंडवावयाचे. मी तिला म्हटले, "हे दादासाहेब फाळक्यांना दाखवायला हवं होतं." त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा पुरुष सिनेमाकडे वळण्यापूर्वी स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत असे, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर त्याने आपला कारखाना नाशकास आणला. १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनी केल्या. एका पगारात दोन पदांचा कार्यभार सांभाळणे शासनाने पुढे शिकून घेतले. नाशकाने ते आधीच करून दाखविले होते.

भाची हसली, पण तिचे मत बदलले नाही. म्हणून वैशाखात ती माहेरपणास आली तेव्हा मी तिला बोहाड्यास नेले.

वाट त्र्यंबकवरून. नारायणनागबळीसाठी आणि त्रिपिंडी श्राद्धासाठी देशभरातून आलेली मंडळी पाहून तिने चौकशी केली, तेव्हा मी सांगितले की तुमच्याकडे भूत भेटावे म्हणून लोक पैसे मोजतात, इकडे त्याने भेटू नये म्हणून. पलीकडे मोखाड्याच्या दिशेने डोंगर सुरू होतात, आणि त्या पट्ट्यात, तसाच पेठ-सुरगाण्याकडे, होळीनंतरच्या महिन्यांत गावोगाव देवीच्या उत्सवात रात्रभर सोंगे नाचतात, तोच बोहाडा. प्रथम गणपती, मग इतर देव, मग रावण, त्राटिका, वेताळ असे एकेक. आम्ही गेलो त्या गावी रंगमंच नव्हता; देवळापासून निघालेला एक रस्ता, दुतर्फा घोंगड्यांवर बसलेला गाव, आणि संबळ. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, भडक रंगविलेले. दुपारी ओसरीवर मांडलेले पाहिले तेव्हा भाचीने "जरा ढोबळ आहेत" असा शेरा दिला होता.

रात्री दोनच्या सुमारास त्राटिका निघाली. तिच्यापुढे दोघे टेंभे धरून उलट्या पावलांनी चालत होते, आणि त्या खालून येणाऱ्या, क्षणाक्षणाला हलणाऱ्या उजेडात दुपारचा तो ढोबळ मुखवटा गाल हलवू लागला. सुळ्यांची सावली भुवयांवर चढे आणि उतरे. डोळे आमच्याकडे वळले की नाही हे सांगता येईना. संबळ मंदावला, त्राटिका दोन पावले मागे गेली, सारा गाव श्वास धरून बसला. मग संबळ कडाडला आणि ती थेट आमच्या घोंगडीवर आली. दहा भीतिगृहांतून हसत बाहेर पडणारी माझी भाची माझ्या पाठीमागे होती, आणि माझा सदरा तिच्या दोन्ही मुठींत होता. मी "कोण पाहिजे" असे विचारले नाही. शब्दच फुटला नाही.

पुढे देवळामागे त्राटिका मुखवटा उतरवून पाणी पीत बसली होती. मुखवट्याजवळ उदबत्ती लावलेली. मनुष्य साठीचा, खांद्यावर मुखवट्याच्या बांधणीचे वळ. भाचीने त्याला किती तालीम केली हे विचारले. तो म्हणाला, "तालीम कसली ताई? सोंग आमच्या घरचं. आजा नाचायचा, बाप नाचायचा. औंदा गुडघा दुखतो, पण दुसऱ्याला देता येत नाही ना." मानधन विचारल्यावर तो गोंधळला, कारण सोंगाचा खर्च त्याच्याच घराने करावयाचा होता. भाचीने वही उघडली, बंद केली.

परतीच्या वाटेवर तिने मला कॅलिफोर्नियाच्या वॉल्टर नॉट यांची हकीकत सांगितली. हे गृहस्थ बेरीचे बागायतदार. १९३४ साली त्यांच्या पत्नीने कोंबडीचे जेवण घालण्यास आरंभ केला, गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या, त्यांच्या करमणुकीसाठी शेतात एक जुनाट गाव उभे राहिले, आणि १९७३ साली त्याच जागी भुतांचा जो महोत्सव सुरू झाला तो अद्याप चालू आहे. बेरीच्या मळ्यात हे होते, तर द्राक्षांच्या का नाही? या विचाराने ती इतकी पेटली की दुसऱ्याच दिवशी आम्ही निफाड तालुक्यात माझ्या चुलतबंधूंच्या बागेत होतो. मांडवाखालच्या सावलीत तिने सारी योजना मांडली: ऑक्टोबर महिना, वेलींच्या ओळींतून चक्रव्यूह, धूर, करवती.

बंधूंनी शांतपणे ऐकून घेतले. "ऑक्टोबरात? अगं, तेव्हा छाटणी होऊन कोंब फुटत असतात. त्या दिवसांत आमच्याकडे भूत आभाळातून येतं. रात्री ढग गडगडला की सगळा गाव औषधाचे पंप घेऊन बागेत उभा. डाऊनी आली का, डाऊनी आली का, करत बुरशीसाठी पानं उलटी करून बघायची. आणि तिकीट आम्हीच काढतो."

"किती वेळ चालतो हा शो?" भाचीने विचारले.

"थेट फेब्रुवारीपर्यंत," ते म्हणाले. "शेवटी गारपीट असते."