थोरल्या व धाकट्या पातीस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री थोरले एफ-पिक व चिरंजीव धाकटे एफ-पिक, वास्तव्य जीसीसी संकलकाची नियमपुस्तिका, प्रकरण कोड-निर्मितीचे, यांसी कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

प्रथम एक खुलासा. आपणा उभय पर्यायांच्या नावांत रोमन लिपीतील तीन अक्षरांच्या उंचीपलीकडे काही अंतर नाही, आणि आमच्या देवनागरीस अक्षरांचा तो पंक्तिभेद मुळीच ठाऊक नसल्यामुळे, देवास संस्थानाच्या दोन पात्यांस लोक ज्या नावांनी ओळखत, त्याच नावांनी आपणांस हाक मारण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही.

आपले काम वस्तुतः सरळ आहे. शेअर्ड लायब्ररीचे बिऱ्हाड प्रत्येक प्रोग्रामच्या स्मृतीत कोणत्या पत्त्यावर पडेल हे आगाऊ कळत नाही. म्हणून तिच्यातील कोडने ठराविक पत्ता गृहीत न धरता ग्लोबल ऑफसेट टेबल नावाच्या खतावणीतून तो काढून घ्यावा, एवढी तजवीज आपण दोघेही करता. भेद इतकाच की काही यंत्रांवर धाकट्यांच्या खतावणीस पानांची मर्यादा आहे, थोरल्यांच्या खतावणीस नाही. परंतु हे वाक्य पुस्तिकेत शोधू जाणाऱ्या गरजूस प्रथम स्पार्कवर ८ के, एआर्च६४ वर २८ के, एम६८के व आरएस/६००० वर ३२ के अशी मोजणीखात्याच्या उताऱ्यासारखी कंसातील नोंद वाचावी लागते, आणि माझ्या टेबलावरील एक्स८६ यंत्रास असली मर्यादाच नाही, ही वार्ता पंगत उठल्यावर पानसुपारीसोबत कानात सांगावी तशी त्याच कंसाच्या शेवटी येते. दोघांपैकी कोणास बोलवावे, हे सरळ कोणी सांगत नाही. बरे, यातील एकही विधान असत्य नाही. असते तर रीतसर तक्रार तरी गुदरता आली असती.

त्यात आपले घराणे असे विलक्षण एकोप्याचे, की धाकटे हजर झाले तरी लहान व मोठ्या अक्षरांतील दोन्ही मॅक्रोंच्या नावे १ जमा होतो, आणि थोरले आले तर त्याच दोन्ही नावांवर २!

आता माझी कर्मकथा, जिच्यात दोष बव्हंशी माझाच आहे. शेअर्ड लायब्ररी घडविण्याची आज्ञा आपल्या प्रकरणात नसून लिंकिंगच्या प्रकरणात राहते, आणि अपेक्षित फळ हवे असेल तर कंपाइल करताना दिलेले पर्याय येथेही द्यावेत, असे तेथे बजावले आहे. मी रात्री अकराच्या सुमारास त्यातील 'येथे' तेवढे वाचले आणि 'ही' गाळली. थोरल्यांस फक्त लिंकिंगच्या ओळीत पाचारण केले. लिंकरने अर्ज फेटाळला: असले रिलोकेशन शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये चालत नाही, थोरली पाती लावून पुन्हा कंपाइल करा. चूक उमगून मी मेकफाइलच्या कंपाइलच्या ओळीतही त्यांस बसविले. तथापि मेकने दप्तर तपासले, मूळ फायलींच्या तारखा बदललेल्या दिसल्या नाहीत, सबब जुन्याच ऑब्जेक्ट फायली कायम ठेवून त्याने त्या पुन्हा लिंकरपुढे रुजू केल्या. तोच शेरा, त्याच शब्दांत. पुढचा तासभर मी मोठ्या अक्षरांची लहान व लहानांची मोठी करीत बसलो, जणू पत्रिकेतील ग्रह हलवून मुहूर्त साधणार होतो. अखेर जुन्या फायली पुसल्या, आणि काम एका मिनिटात झाले.

त्या रात्रीपासून मला लिंकरविषयी, ज्याच्या तुसड्या स्वभावाचा सर्वत्र बभ्रा आहे, आदर वाटू लागला आहे. शिकविणे हे त्याचे काम नव्हे. नकार देणे हे आहे. तरी नकार देता देता थोरल्यांचे नाव घेऊन 'पुन्हा कंपाइल करा' असे जे तो सांगतो, तेच पुस्तिकेच्या कलमारंभी कोणी लिहिले असते, तर मी साडेअकरास निजलो असतो.

सबब मागणे एवढेच, की उभयतांनी आपल्या कलमाच्या लेखकांकडे रदबदली करून तो कंस उघडवावा, आणि नवख्याने निःशंकपणे थोरल्यांस बोलवावे, ही ओळ स्पार्कच्या आधी घालून घ्यावी. धाकट्यांनी याचे वाईट वाटून घेऊ नये. एम६८के बाळगणारे कोणी भेटल्यास मी त्यांच्याकडे आपली शिफारस अवश्य करीन.

बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.