आठशेची पॉवर वाढवा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! मामांनी नवी गाडी घेतली आणि त्यांची एमएच २३ पासिंगची मारुती ८०० यंदाच्या कापसाच्या पैशांत तुमच्या दारात आली. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास, तीही कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची. त्यातल्या किती अजून शिल्लक आहेत हे मिस्त्रीला विचारू नका. तो खरं सांगेल.

खचून जायचं कारण नाही. याच इंजिनावर आपल्या देशात ‘फॉर्म्युला मारुती’च्या शर्यती व्हायच्या आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन त्यात पळालेला आहे. त्याच्या गाडीला मागची सीट नव्हती, दारं नव्हती आणि समोरून उसाची डबल ट्रॉली येत नव्हती, एवढाच फरक. तो आपण बजेटमध्ये भरून काढू.

पायरी १: आवाज. नवशिके इंजिनापासून सुरुवात करतात. चूक. ताकद कुणाला दिसत नाही, ऐकू येते. मिस्त्रीला ‘पुंगळी काढ’ एवढंच सांगा आणि वेल्डिंगवाल्याकडून हाताला लागेल ती सगळ्यात जाड नळी बसवून घ्या. नळी अशी अंदाजपंचे मोठी केली की खालच्या गिअरमधला पिकअप उलट पडतो, हे जाणकारांचं रडगाणं मनावर घेऊ नका. गाडी बसस्टँडवरून निघाली हे माळीवेशीत कळलं पाहिजे, ती तिथे पोचायच्या बरंच आधी.

पायरी २: श्वास. एअर फिल्टरचा डबा फेकून द्या आणि उघडा फिल्टर लावा. आता इंजिन थेट बॉनेटखालची हवा ओढेल. मे महिन्यात ही हवा तापून विरळ झालेली असते, म्हणजे तिच्यात ऑक्सिजन कमी आणि जोरही कमी. सोबत कच्च्या रस्त्याचा फुफाटा मोफत. वर्षभरात रिंगा झिजतील आणि मागून निळा धूर येऊ लागेल. मिस्त्री म्हणेल, “दादा, ऑइल खातीय ही.” तुम्ही मित्रांना सांगा, टर्बो बसवलाय.

पायरी ३: चाकं. मूळची १२ इंची चाकं बघून कुणालाही तुमची दया येईल. १४ इंची अलॉय घ्या, टायर जितके रुंद मिळतील तितके. गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे गल्लीत वळवताना दंड कमावले जातात. जिमची फी वाचली, ती बजेटात जमा करा. चाकाचा घेर वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि तेवढीच जड ओढते. मांजरसुंब्याच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आता दुसरा मागेल. शिवाय वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवेल. काळजी वाटून घेऊ नका, मित्रांना वेग सांगताना तुम्ही काट्याकडे कुठे बघता?

पायरी ४: उंची. स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने कापा. गाडी खाली बसली की रस्त्याला चिकटते असं रेसिंगवाले म्हणतात. आपल्याकडे ती गतिरोधकाला चिकटते. आपला गतिरोधक कुण्या इंजिनिअरने मापात बांधलेला नसतो. ज्याच्या घरासमोर अपघात झाला त्याने रागाच्या भरात मुरूम आणि सिमेंट ओतलेलं असतं. त्या रागावर तुमचा चेंबर घासणार, आणि एक दिवस फुटणार. तेव्हा गाडी तिरपी घालायला शिका: आधी डावं पुढचं चाक, मग उजवं, मग श्वास रोखून उरलेली दोन. मागे टेम्पो हॉर्न देत असेल तर देऊ द्या. याला हँडलिंग म्हणतात.

पायरी ५: ब्रेक. ही पायरी सगळेच गाळतात. पुढे जाऊ.

पायरी ६: इंजिन. हिंमत असेल तर भंगारातून जुन्या झेनचं ९९३ सीसी इंजिन आणा. पन्नासेक अश्वशक्ती! आता धारूरच्या घाटात तुम्ही एसटीला मागे टाकाल आणि उतारावर कळेल की पायरी ५ काय होती.

इंजिन बदलायला आरटीओची आगाऊ परवानगी लागते आणि आरसीवर नोंद करावी लागते. ‘कोण बघतंय’ हे वाक्य पाठ करा, ते पोलीस हात करेपर्यंत उपयोगी पडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा आणि वरच्या पायऱ्या मोजा. गाडी तेवढ्याला घेतली होती का?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात एका कारागिराने भंगारातून अख्खी जीप बनवली होती, किकने सुरू होणारी. खर्च सुमारे ६०,००० रुपये. आनंद महिंद्रांनी २०२१ साली तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच श्वासात सांगितलं की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. मग जीप ठेवून घेऊन कारागिराला बोलेरो दिली. तुमच्या चौकात महिंद्रा येतील या हिशेबाने बजेट आखू नका.

आता एक फुकटची युक्ती, जी कुठलंच गॅरेज सांगत नाही. रिकामी गाडी साधारण ६५० किलो. तुम्ही आणि चार दोस्त मिळून ३५० किलो. चौघांना खाली उतरवा: तेवढ्याच ताकदीवर ओढायचं वजन १००० वरून ७२० किलोवर येतं, म्हणजे प्रत्येक किलोमागे जवळपास ४० टक्के जास्त जोर. एवढा फरक वरच्या कुठल्याही पायरीने पडत नाही, नव्या इंजिनानेसुद्धा नाही. अडचण एकच. चौघं उतरल्यावर पॉवर दाखवायची कुणाला? म्हणून ही युक्ती आजवर कुणी वापरलेली नाही. ‘चल, फक्त पाटोद्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणत पाचवा नेहमी डिक्कीत बसायला तयार असतो.

पायरी ७: पोतं. काढलेला प्रत्येक मूळ भाग पोत्यात भरून माळवदावर टाका: सायलेन्सर, फिल्टरचा डबा, चारही चाकं. १५ वर्षं झाल्यावर पासिंगला गाडी न्यायची तर हे सगळं परत जागेवर बसवावं लागतं आणि मिस्त्री काढायची आणि लावायची मजुरी वेगवेगळी घेतो. विकायच्या वेळीही गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ आणि दुसरा ‘ओरिजनल आहे का?’ हाच विचारतं, तेव्हा पोतं उंदरांपासून जपा. स्प्रिंगांचं मात्र काही करता येणार नाही. कापलेले वेढे परत जोडता येत नाहीत. चार नव्या घ्याव्या लागतील.