घरच्या घरी दात किडवा

दाताला कीड आपोआप लागते, असा एक गैरसमज आहे. तसं नसतं. दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्याला भोक पाडायचं तर चिकाटी लागते, आणि पद्धतही.

नवशिके चुकतात ते इथे, की जेवताना एकदाच वाटीभर श्रीखंड चापतात आणि किडीची वाट बघत बसतात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे. गोड पोहोचलं की दातावरच्या थरातले जिवाणू त्याचं आम्ल करतात, सामू काही मिनिटांत ५.५ च्या खाली घसरतो आणि एनॅमलमधलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळू लागतं. इथवर छान. पण मग लाळ नाक खुपसते. अर्ध्या-पाऊण तासात ती आम्ल शमवते आणि गेलेलं खनिज पुन्हा जागेवर बसवायला घेते. तो वेळ तिला मिळूच द्यायचा नाही. दहाला चहा, सव्वादहाला बिस्कीट, मग खिशातली लिमलेटची गोळी. मधूनच चिक्की, कारण ती दाढेच्या खाचांत मुक्काम करते.

ही माझी कल्पना नाही. स्वीडनमध्ये लुंडच्या वीपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात मानसिक अपंग रहिवाशांना, संमतीबिमतीच्या भानगडीत न पडता, चिकट टॉफ्या चारल्या गेल्या. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात बरेचसे टिकले. मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे भराभर गेले. त्यांच्यावर लादलं गेलं ते आपल्याला स्वखुशीने, पैसे मोजून करायचं आहे.

रात्र वाया घालवू नका. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून साखर घातलेलं दूध ब्रश केल्यानंतर प्यावं आणि थेट आडवं व्हावं. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवलं की पुढची पिढीही मार्गी लागते.

आता खरा वैरी, फ्लोराइड. लाळ खनिज परत बसवत असताना हा जवळपास असला, तर नवा स्फटिक जुन्यापेक्षा चिवट होतो, सामू ४.५ च्या आसपास उतरेपर्यंत दाद देत नाही. पेस्टमधलं १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड त्याला पुरतं. पेस्ट न वापरणं हा राजमार्ग. घरच्यांनी आणून ठेवलीच असेल, तर घासून झाल्यावर खळखळून चुळा भरा. नुसतं थुंकून गप्प बसलात, तर ते तोंडात रेंगाळेल आणि दिवसभराची मेहनत वाया जाईल. चुळा भरणं संस्कारांत बसतं, तेव्हा कोणी हटकणारही नाही.

हटकलंच, तर ‘फ्लोराइड विष असतं’ असं ठणकावून सांगा. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. तिथे मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडंही धरतात. त्या गावांना दुसरं पाणी हवंय. आपण मात्र त्यांचं दुखणं पुण्यातल्या आपल्या ट्यूबविरुद्ध वापरावं. वाटाण्याएवढी पेस्ट थुंकून टाकायची असते आणि ते पाणी वर्षानुवर्षं पोटात जातं, एवढा फरक फॉरवर्डमध्ये मावत नाही.

यथावकाश हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसेल. हुरळू नका. वरचा पापुद्रा अजून शाबूत असतो आणि डाग भरून येऊ शकतो. एखाद्या डेंटिस्टने फ्लोराइड वार्निश फासलं, की केलेल्या कामावर पाणी पडलंच म्हणायचं. म्हणून दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, ही आपली जुनी रीत सोडू नये. एकदा खड्डा पडला, की तो बुजवणं लाळेच्याही हातात नाही आणि फ्लोराइडच्याही.

पुढचं सोपं आहे. गार पाण्याने कळ, दाढेखाली लवंग, मग रात्रीचा ठणका, आणि शेवटी रूट कॅनाल व कॅप. खुर्चीत बसल्यावर ‘डॉक्टर, कालपर्यंत काहीच नव्हतं हो’ हे वाक्य म्हणायचंच असतं. तोंडात कापूस कोंबायच्या आत म्हणून घ्या.