पेडल जड, सल्ले हलके

गाडी भर रस्त्यात बंद पडली तर धक्का मारायला माणूस मिळत नाही. पण तिचं काहीतरी ‘जरासं’ बिघडलं, की आख्खी आळी तज्ज्ञ होते. आमच्या जुन्या मारुती ८०० चा अ‍ॅक्सिलरेटर जड झाला, तेव्हा हाच अनुभव आला. समोरच्या अण्णांनी पेट्रोलात भेसळ असल्याचं सांगितलं. (अण्णांच्या मते पाऊस लांबण्यामागेही तेच कारण असतं.) मेव्हण्याने ‘इंजिन बसत चाललंय’ असं जाहीर केलं आणि त्याच दमात गिऱ्हाईकही सुचवलं. सौभाग्यवतींचं निदान सर्वांत स्वस्त होतं: “पेडल नाही हो, तुमचा गुडघा जड झालाय!”

मेस्त्री आला आणि त्याने इंजिन चालूच केलं नाही. बंद गाडीत बसून पेडल दाबलं. “काका, इंजिन बंद असतानाही जड लागतंय ना? मग पेट्रोलाचा काय संबंध?” अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पहिल्यांदा त्याने पायाखालचं मॅट ओढून काढलं. ते मेव्हण्याने भेट दिलेलं होतं, मखमली आणि गाडीपेक्षा मोठं. त्याची घडी पेडलाखाली जाऊन बसली होती. हसू नका. मॅटमध्ये पेडल अडकतं म्हणून टोयोटाला २००९ साली अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पेडलाच्या बिजागरीत गंज, वाळू, वडापावचा कागद, असलाही ऐवज सापडतो. आमच्याकडे सुटी नाणी निघाली. ती मेस्त्रीने प्रामाणिकपणे सौभाग्यवतींकडे दिली.

तरी पेडल जडच. मग बॉनेट उघडून त्याने पेडलाकडून आलेली वायर कार्बोरेटरच्या टोकाला सोडवली आणि थ्रॉटल, म्हणजे तिथली झडप, हाताने फिरवून पाहिला. तो सुळ्ळकन फिरला, म्हणजे दोष वायरीत. तो अडखळला असता, तर आतल्या झडपेच्या कडेला काजळी आणि तेलकट चिकटा धरलाय असं समजायचं. त्याची खूण वेगळी असते: पेडल सुरुवातीला अडतं, मग एकदम सुटतं आणि गाडी सिग्नलला समोरच्या रिक्षावाल्याची ओळख करून घ्यायला धावते. तिथे क्लीनर मारून थ्रॉटल साफ करावा लागतो.

आमची वायर मात्र रत्नागिरीच्या खाऱ्या हवेची बळी होती. बाहेरून नवरीसारखी, आत तारा गंजलेल्या; पेडलाजवळच्या टोकाला दोनतीन तुटून वेणीतून सुटलेल्या, त्या आवरणाला घासत होत्या. पूर्वी कुणीतरी बॅटरी बसवताना वायर भलतीकडून वळवून तिला बाकही आणला होता. आणि कळस म्हणजे, पेडल लवकर परत येत नाही म्हणून कुण्या कलावंताने एक जादा स्प्रिंग अडकवून ठेवली होती! जाम वायर तशीच, वर स्प्रिंगचा जोर. पेडल हलकं होणार कसं? गुडघ्यावर अन्याय झाला होता, हे मी घरात तीनदा वाचून दाखवावं तसं सांगितलं.

“तेल सोडून चालेल का?” मेव्हण्याने विचारलं. तेलाने कोरडी वायर सुधारते. तुटलेल्या तारा सांधल्या जात नाहीत. वायर नवीन टाकली, सरळ वळणाने नेली, जादा स्प्रिंग काढली.

नव्या गाड्यांत ही वायरच नसते. पेडलाखाली सेन्सर, आणि थ्रॉटल मोटरवर उघडतो. तिथे थ्रॉटलमधल्या काजळीने पेडल जड होत नाही; जड झालं तर पेडलाची बिजागरी आणि मॅट बघा, आणि मेव्हणा असेल तर त्याने काय भेट दिलंय तेही.

जड पेडलासाठी मेस्त्रीची दोन दिवस वाट पाहिली तर बिघडत नाही. पण दाबलेलं पेडल आपणहून वर येत नसेल, तर गाडी अंगणाबाहेर काढू नका. चालत्या गाडीत ते अडकलं, तर ब्रेक दाबा, गाडी न्यूट्रलला टाका, कडेला थांबा आणि मगच चावी फिरवा.