पिनवाला भाचा

नांदेडच्या तरोडा नाक्यावर काय किंवा लातूरच्या औसा रोडवर काय, प्लॉटिंगवाला एक मामा असतोच. आणि त्या मामाला पुण्याची कंपनी सोडून आलेला एक भाचाही असतो. गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या भाच्याला धंद्यातली खोट दिसते. "मामा, तुमचे प्लॉट नकाशावरच नाहीत!"

मामाच्या पत्त्याची तऱ्हा अशी : मालेगाव रोडनं सरळ जायचं, पाण्याची टाकी लागंल, मागं कुणालाही विचारायचं. भाचा हे ऐकून हळहळतो आणि कामाला लागतो. लीफलेट ही लायब्ररी फुकट, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशाही फुकट. रात्री दोनला प्लॉटांची यादी नकाशावर चढते. सकाळी मामा चष्मा लावून बघतात, तर सगळे प्लॉट उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्डजवळच्या समुद्रात! लीफलेटला अक्षांश आधी लागतो, भाच्याच्या जिओजेसन फायलीत रेखांश आधी. नांदेड साधारण १९ उत्तर, ७७ पूर्व. आकडे उलटले की थेट बर्फात.

मामा बराच वेळ बघतात आणि विचारतात, "एनए झालंय का तिथलं?"

आकडे सुलटे होतात, पिना जागच्या जागी बसतात, आणि तेव्हा मामा खरे भडकतात. "अरे लेका, काय करायलास हे? पिन बघून गिऱ्हाईक थेट मालकाच्या दारात जाईल. मंग आपले दोन टक्के तुझा नकाशा देणार का?" गिऱ्हाइकाला जागा एकट्याला सापडू नये आणि त्यानं मामांच्या गाडीवर मागं बसावं, हेच तर या धंद्याचं भांडवल. ते पुण्यात कुणी शिकवत नाही. भाचा मुकाट्यानं पिनेच्या जागी दोन किलोमीटरचा गोल काढतो. भाच्याच्या ॲपवर आपले प्लॉट चढवणारे बाकीचे एजंट तेवढंही करत नाहीत. जिथं बसून फॉर्म भरला तिथंच पिन ठोकतात. त्यामुळं छत्रपती चौकातल्या एका चहाच्या हॉटेलावर प्लॉटांचा ढीग साचलाय, आणि नकाशाच्या हिशेबानं तो चहावाला शहरातला सगळ्यात मोठा बिल्डर आहे.

मग भाचा लातूर काबीज करायला निघतो. तिथं प्रत्येक प्लॉट भर बाजारातल्या 'गंजगोलाईपासून १० मिनिटं'. त्यातला एक वीसेक किलोमीटरवरच्या औशात. लातूरचं गिऱ्हाईक आधी विचारतं, क्लासेस किती लांब अन् बोअरला पाणी आहे का. विचारणारच, एप्रिल २०१६ मध्ये या शहरानं मिरजेहून आगगाडीनं आलेलं पाणी प्यालंय. भाचा 'पाणी : हो/नाही' असा रकाना घालतो. सगळे एजंट 'हो' भरतात, बोअर मारायच्या आधीच. पुढं 'महारेरा नंबर'चा रकाना. ५०० चौरस मीटरवरच्या प्लॉटिंगला २०१७ पासून नोंदणी लागते, म्हणून तो सक्तीचा. त्या रात्री नकाशा निर्मनुष्य होतो. सकाळी रकाना ऐच्छिक.

हल्ली भाचाच गिऱ्हाइकाला गाडीवर घेऊन जातो.

"ॲपमध्ये नेमकी जागा दिसत नाही का हो?"

"दिसती की. पण नेटवर्कमुळं पिन जरा हलती, सर. बसा मागं, दाखवतो. अन् इसाराचं तेवढं आजच बघा, दुसरी पार्टी थांबलीय."