हरणाऱ्यांचे पाहुणे

मराठी माणूस लास व्हेगासला जात नाही. तो ग्रँड कॅन्यन बघायला जातो आणि वाटेत व्हेगास लागतं. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांच्या सहलीत ते नेहमी असंच येतं. "विमान तिथेच उतरतं आई, म्हणून दोन रात्री राहायचं," एवढं सांगून मुलगा विषय बदलतो. आईही बहिणीशी फोनवर बोलताना कॅन्यनचं सविस्तर वर्णन करते आणि व्हेगास 'मुक्कामाचं ठिकाण' म्हणून उरकते. वडील तेवढ्यात मोबाइलवर रूलेटचे नियम बघून ठेवतात. नुसती माहिती असावी म्हणून.

या आडवळणाचं कारण उघड आहे. जुगार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धर्मराज येतो. राज्य गेलं, भाऊ गेले, पुढचं तर बोलायलाच नको. तेव्हापासून मध्यमवर्गाने फाशांशी अंतर राखलं आहे. पत्त्यांशी नाही, कारण रमी हा आपल्या लेखी जुगार नव्हेच; चार नातेवाईक जमले की ती आपोआप होते. त्यामुळे कसिनोच्या हॉटेलात आपण खेळायला जात नाही, बघायला जातो. पुढचं सगळं अशा बघायला जाणाऱ्यांसाठी.

व्हेगासची ओळख विमानतळावरच होते. विमानातून उतरून आत आलं की स्लॉट मशीनच्या रांगा लुकलुकत उभ्याच असतात. सामान यायच्या आधी पैसे जायची सोय. पुढे ज्या रस्त्यासाठी सारं जग येतं ती 'स्ट्रिप' मात्र लास व्हेगास शहराच्या हद्दीत जवळजवळ नाहीच; तिचा बहुतेक भाग हद्दीबाहेर, पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो. जकात चुकवायला हद्दीबाहेर दुकान टाकायची युक्ती आपल्याला परकी नाही, त्यामुळे इथे पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटतं.

या रस्त्यावर हॉटेलं पुष्कळ आहेत, पण मी सांगतो आहे ते बेलाजिओबद्दल. स्टीव्ह विन नावाच्या उद्योजकाने 'ड्यून्स' हे जुनं हॉटेल १९९३मध्ये सुरुंग लावून पाडलं आणि त्या जागी १५ ऑक्टोबर १९९८ रोजी हे उघडलं. इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या एका गावाचं नाव आणि रूप त्याने उचललं. खर्च आला सुमारे १६० कोटी डॉलर. खोल्या जवळजवळ चार हजार. गाव उचललं तर सरोवर कसं सोडणार? म्हणून वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडणाऱ्या वाळवंटात त्याने आठ एकरांचं तळं केलं. त्याला पाणी मिळतं ते ड्यून्सच्या गोल्फ मैदानासाठी खणलेल्या जुन्या विहिरीचं. हॉटेल पाडलं, विहीर ठेवली. शहाणा माणूस.

त्या तळ्यात हजाराहून जास्त कारंजी आहेत. दुपारनंतर दर अर्ध्या तासाने आणि संध्याकाळी तर दर पाव तासाने ती गाण्यावर नाचतात. सर्वांत उंच फवारा ४६० फुटांपर्यंत जातो, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या दीडपटीहून वर. हे सगळं फुटपाथवर उभं राहून बघायचं, तिकीट नाही. 'ओशन्स इलेव्हन' या २००१च्या चित्रपटात याच हॉटेलाखालची तिजोरी लुटून झाल्यावर चोरांची टोळी बाहेर येते आणि कठड्याशी उभी राहून कारंजी बघत बसते. खिशात कोट्यवधी डॉलर आले तरी फुकटचं बघायची हौस सुटत नाही, हे पाहून मला त्या चोरांबद्दल आपुलकी वाटली.

आत शिरलं की छताला काचशिल्पकार डेल चिहुली यांनी केलेली काचेची दोन हजार फुलं. त्यापलीकडे काचघरातली बाग. तिची सजावट वर्षातून पाच वेळा पूर्ण बदलतात. एकदा चिनी नववर्षासाठी, मग चार ऋतूंची चार रूपं. इथेही तिकीट नाही. आपली मंडळी या बागेत तासन्‌तास रमतात. फोटो काढून होतात, ते कुटुंबाच्या ग्रुपवर जातात, आणि नाशिकहून आत्या विचारते, "ही फुलं खरी आहेत का गं?" खरी आहेत. त्या इमारतीतल्या ज्या थोड्या गोष्टींबद्दल हे छातीठोक सांगता येतं, त्यांतली ही एक.

आता खोलीकडे जायचं. इथून खरी गंमत सुरू होते, कारण वाट कसिनोमधून जाते. जेवायला जायचं तर कसिनोमधून, नाटक बघायला जायचं तर कसिनोमधून, बाहेर पडायचं तरी कसिनोमधून. एकवीस वर्षांखालच्या मुलांना तिथून चालत जाता येतं, पण थांबता येत नाही. "चल, थांबू नकोस" हे वाक्य आपण मुलांना आयुष्यभर सांगत आलो; इथे तेच सुरक्षारक्षक सांगतो.

कसिनो कसा बांधावा याचंही शास्त्र आहे. बिल फ्रीडमन नावाच्या तज्ज्ञाचं म्हणणं असं की छत ठेंगणं हवं, वाटा चक्रव्यूहासारख्या हव्यात आणि माणूस वळला की समोर मशीन दिसलं पाहिजे. शोभेच्या वस्तू नकोत, यंत्रं हीच शोभा. बेलाजिओचे सजावटकार रॉजर थॉमस यांनी हे उलटं केलं. उंच छत, उजेड, ताजी फुलं, बसावंसं वाटेल असं सामान. त्यांचा हिशेब सरळ होता: माणसाला आपण मोठे, सुखी, नशीबवान आहोत असं वाटलं की खिशाकडे हात आपणहून जातो. हा हिशेब बरोबर निघाला. फ्रीडमन माणसाला वाट चुकवून लुटायचे, थॉमस मानपान करून. आपल्या लग्नांमध्ये व्याही मंडळींनी हे तंत्र फार पूर्वीच सिद्ध केलं आहे.

महाभारतात मयसभा इंद्रप्रस्थाला होती आणि द्यूतसभा हस्तिनापुरात. मधे प्रवासाचं अंतर होतं, विचार करायला वेळ होता, तरी घडायचं ते घडलंच. इथे दोन्ही एकाच छताखाली, खालच्याच मजल्यावर, लिफ्टशेजारी.

खेळाचं गणित मात्र कुणी लपवलेलं नाही, ते टेबलावरच मांडलेलं आहे. अमेरिकन रूलेटच्या चाकात ३८ घरं असतात: १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुमचा आकडा लागला तर एका डॉलरचे तुमच्या डॉलरसह ३६ हातात येतात. ३८ घरं आणि ३६ डॉलर, उरलेले दोन मालकाचे. शंभर डॉलरमागे सव्वापाच. अलीकडे स्ट्रिपवर काही चाकांत तिसरं शून्यही घातलं आहे. तिथे हे पावणेआठांच्या घरात जातं. ब्लॅकजॅकच्या टेबलावर 'तीनास दोन' लिहिलंय की 'सहास पाच' हे वाचून घ्यावं, दुसऱ्यात कमी मिळतं. स्लॉट मशीनने लावलेल्या पैशांपैकी सरासरी निदान ७५ टक्के परत द्यावेत असा नेवाडा राज्याचा नियम आहे. प्रत्यक्षात यंत्रं त्याहून जास्त देतात, पण सरासरी ही तुम्हाला मिळत नाही, ती यंत्राला मिळते.

या गणिताची एकच अट आहे: माणूस बसून राहिला पाहिजे. आणि इथे आपल्या बायका त्याला भारी पडतात. वडील "नुसती माहिती" घेत रूलेटभोवती घिरट्या घालत असतात, तेवढ्यात आई खुर्चीत टेकते, पर्समधून पाच डॉलरची नोट काढून यंत्राला देते, दोन-तीनदा बटण दाबते आणि दिवे नाचायला लागतात. चाळीस डॉलर.

"अगं, अजून एकदा लाव," वडील.

"कशाला? अहो, आले ना?"

ती चिठ्ठी घेते, कारण यंत्र आता नाणी देत नाही, कागदाची चिठ्ठी देतं, आणि रोख करायला निघतेसुद्धा. एवढी मोठी इमारत उभी आहे ती ही बाई परत बसेल या भरवशावर. ती बसत नाही. त्या संध्याकाळी जेवणाचे पैसे ती देते आणि पुढची वीस वर्षं ते सांगते.

बाकीचे मात्र बसतात. खेळणाऱ्याला पेय फुकट असतं, कसिनोचं सभासदकार्ड काढलं की गुण जमतात, गुणांवर जेवण आणि खोली मिळते. कसिनोवाल्यांचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. पाहुणा किती हरला याकडे ते फारसं बघत नाहीत. तो दर डावाला किती लावतो, किती वेळ बसतो आणि त्या खेळात मालकाचा हिस्सा किती, यांचा गुणाकार करून तो किती हरायला हवा होता हे काढतात आणि मानपान त्यावर ठरवतात. एखाद दिवशी तुम्ही जिंकलात तरी ते रागावत नाहीत. तुमच्यावर त्यांचा विश्वास असतो.

तेव्हा ते तळं, ती काचेची फुलं, ती बाग कुणाच्या पैशांवर उभी आहे, हे सांगायला नको. कारंजी बघताना आपण स्टीव्ह विनचे पाहुणे नसतो, आत बसलेल्या हरणाऱ्यांचे असतो. ओहायोतला कुणी प्लंबर, शांघायचा कुणी व्यापारी आपल्यासाठी ४६० फूट पाणी उडवतो आहे. त्याला ठाऊकही नाही.

पण इथे फार खूश होऊ नये. "मी एक डॉलरसुद्धा हरलो नाही," असं अभिमानाने सांगणारे काका परतीच्या दिवशी बिल नीट वाचत नाहीत. स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नात जुगाराचा वाटा आता निम्म्याहून बराच कमी आहे. बाकीचं येतं खोल्या, खाणंपिणं आणि नाटकांमधून, म्हणजे न खेळणाऱ्यांकडूनही. बेलाजिओची तर जागाही आता चालवणाऱ्यांची नाही. विननंतर मालक झालेल्या एमजीएम कंपनीने २०१९मध्ये ती सुमारे ४२५ कोटी डॉलरना ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला विकली आणि वर्षाला साडेचोवीस कोटी डॉलर भाड्याच्या बोलीने तिथेच भाडेकरू म्हणून राहिली. दिवसाला साडेसहा लाख डॉलरहून जास्त भाडं. ते फक्त प्लंबरने किती दिवस भरायचं?

म्हणून खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' नावाचा आकार दर रात्री पडतो. तलावात उतरा न उतरा, व्यायामशाळा बघा न बघा. पूर्वी तो शेवटी कळायचा. मे २०२५पासून अमेरिकेत सगळ्या सक्तीच्या आकारांसह पूर्ण दर आधीच दाखवणं बंधनकारक झालं आहे. त्यामुळे धक्का आता घरबसल्या बसतो. गाडी लावायचे पैसे वेगळे. स्ट्रिपवरच्या अनेक हॉटेलांत खोलीत चहा-कॉफी करायची सोय नसते, म्हणजे सकाळचा पहिला चहा खाली, पुन्हा कसिनो ओलांडून. आणि छोट्या फ्रिजला कधी हात लावू नका. काही ठिकाणी आतल्या वस्तूंखाली संवेदक असतात. आपलं दही ठेवायला बाटली जरा बाजूला सरकवली, तरी ती तुम्ही प्यायलात अशी नोंद होते. आपली मंडळी इलेक्ट्रिक किटली, चहाचा मसाला आणि चिवडा घेऊन हिंडतात म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी इथे दोन रात्री काढून बघाव्यात.

एवढं बोलून झाल्यावर आता निकाल. राहावं की नाही? राहावं. दोन रात्री, सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान. शुक्रवार-शनिवारचे दर आणि मोठ्या प्रदर्शनांच्या आठवड्यांतले दर वेगळेच असतात. जुलै-ऑगस्टात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा टाळावं. शेजारीच आहे असं वाटणारं हॉटेल चालत वीस मिनिटांवर असतं हे गुडघ्यांना आधी सांगून ठेवावं. कसिनोत धूम्रपानाला कायद्याने मुभा आहे, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा. जादा पैसे द्यायचेच तर तळ्याकडच्या खोलीला द्या: खिडकीतून कारंजी आणि पलीकडे पॅरिस हॉटेलचा निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर दिसतो. नाही तर १९९८पासून चाललेल्या 'ओ' या पाण्यातल्या सर्कशीचं तिकीट काढा. ज्या रंगमंचाखाली सुमारे ५७ लाख लिटर पाणी आहे, तो परत कुठे बघणार? खेळायचंच असेल तर एका सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे वेगळ्या खिशात ठेवा, आणि ते तुमच्या नव्हे, आईच्या हाती द्या.

आणि एक राहिलं. या सगळ्या पाहुणचारात हरणारे आहेत, भाडं देणारे आहेत, पण चार हजार खोल्यांच्या चादरी बदलणाऱ्या बायकाही आहेत. त्यांच्यासाठी थोडे डॉलर उशीजवळ ठेवा. निघताना एकदम ठेवू नका, रोज सकाळी ठेवा. रोज तीच बाई येईल असं नसतं.