धूर विरल्यानंतरची चौदा मिनिटं

रॉकेटच्या उड्डाणात पाहण्यासारखं काय, तर आग आणि धूर, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालं. ६४० टनांचं ते रॉकेटचं धूड दोनेक मिनिटांत बूस्टर टाकून डोळ्यांआड झालं. यान सुटं व्हायला मात्र सोळा मिनिटं लागली. मग उरलेली चौदा मिनिटं देश काय पाहत होता? आलेख! आखलेल्या रेषेवरून एक ठिपका सरकत होता आणि दहावीनंतर ज्यांनी आलेखवहीचं तोंड पाहिलं नव्हतं, तेही श्वास रोखून बसले होते. खरा थरार त्या ठिपक्यात आहे. इतर खेळांत प्रेक्षक काहीतरी घडावं म्हणून तिकीट काढतो. इथे काहीच घडू नये म्हणून तो देव पाण्यात घालून बसतो.

हा सगळा देशभक्तीचा प्रताप, असं कुणी म्हणेल. देशभक्ती माणसाला टीव्हीसमोर आणून बसवते, हे कबूल; पण आलेख वाचायला ती शिकवत नाही. ७ सप्टेंबर २०१९ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, चांद्रयान-२च्या ‘विक्रम’ लँडरचा ठिपका चंद्रापासून दोनेक किलोमीटरवर रेषेवरून ढळला, तेव्हा अधिकृत घोषणा होण्याआधीच घरोघरी चेहरे उतरले होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, आपल्याला चाळीस लागले, एवढ्या रटाळ प्रवासात कसला आलाय थरार? तर अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटचं वजन होतं सुमारे २९०० टन. एवढी ऐपत नसली की देवळातल्यासारख्या प्रदक्षिणा घालाव्या लागतात. चांद्रयानाने पृथ्वीभोवती फिरत, पाच वेळा नेमका धक्का देऊन कक्षा ताणली आणि १ ऑगस्टला चंद्राची वाट धरली. एक धक्का चुकला असता तर सगळंच मुसळ केरात! रटाळपणात इतका जीव टांगणीला लागणं मालिकावाल्यांना अजून जमलेलं नाही. आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी, यान चंद्रावर उतरताना तर ना आग होती, ना धूर. तरी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक लोक आकडे आणि ठिपके पाहत होते.

तेव्हा पुढच्या उड्डाणाला धूर विरला म्हणून टीव्ही बंद करू नका. चहा लागणारच असेल, तर तो आधीच टाकून ठेवा.